गाडीच्या सीट: अस्सल चामडे की कृत्रिम?

काठावरचा

नऊ वर्षे वापरलेली एक गाडी घेण्याचा माझा विचार जवळजवळ पक्का झाला आहे. इंजिन, गिअर आणि खालचा सांगाडा जाणकाराकडून तपासून घेतला असून त्याबद्दल तक्रार नाही. घोडे अडले आहे ते सीटपाशी. गाडीच्या सर्व सीट अस्सल लेदरच्या आहेत, असे विकणाऱ्याचे म्हणणे आहे आणि किंमत खाली न आणण्याचे कारण म्हणून तो तेच पुढे करतो. प्रत्यक्षात चालकाच्या सीटच्या दाराकडील फुगीर कडेवर बारीक भेगांचे जाळे पडलेले दिसते, तर मागच्या सीटच्या बाजूचे आवरण इतके गुळगुळीत आणि ताठ आहे की ते चामडे असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सीट कुठेही न कापता ती चामड्याची आहे की नाही हे खात्रीने कसे ओळखावे? आणि सीट नव्याने मढवायची वेळ आलीच, तर चामडे घ्यावे की कृत्रिम लेदर? गाडी दिवसाचा बराच वेळ उघड्यावर उन्हात उभी राहील, मागे दोन लहान मुले बसतील आणि रोजचा प्रवास तासाभराहून अधिक असेल. चामडे जन्मभर टिकते असे एक जण सांगतो, आणि हल्लीच्या कृत्रिम लेदरपुढे चामडे काहीच नाही असे दुसरा सांगतो. दोघेही कारण मात्र सांगत नाहीत. म्हणून उत्तरासोबत कारणही द्यावे, ही विनंती.

दाणेदार

चामड्याच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत मी काही वर्षे काम केले आहे, त्या आधारावर लिहितो.

विकणारा खोटे बोलत असेलच असे नाही. बहुतेक गाड्यांच्या 'लेदर सीट'मध्ये पाठ आणि मांड्या टेकतात तेवढाच भाग चामड्याचा असतो. बाजू, सीटची मागची पाठ, डोक्याच्या उशीचा मागचा भाग आणि दारांवरचे आवरण पीव्हीसी या प्लास्टिकचे असते, आणि त्याचा रंग व दाणा (पृष्ठभागावरची खडबडीत नक्षी) चामड्याशी इतका जुळवलेला असतो की शेजारी ठेवूनही फरक चटकन कळत नाही. माहितीपत्रकात 'बसण्याचा पृष्ठभाग लेदरचा' असे जपून लिहिलेले असते, पण वाचणारा 'लेदर' एवढाच शब्द लक्षात ठेवतो.

ओळखण्याची खात्रीची जागा म्हणजे मागची बाजू. सीटच्या खाली हात घालून आवरण जिथे चौकटीला अडकवलेले असते तिथली मोकळी कड उलटून पाहावी. चामडे असेल तर आतून लव असलेले, गुंतलेल्या तंतूंचे आणि कुठेही वीण नसलेले अंग दिसेल. कृत्रिम असेल तर बहुधा विणलेल्या कापडाचे अस्तर दिसेल. मात्र महागड्या कृत्रिम लेदरला न विणलेल्या सूक्ष्मतंतूंचे अस्तर असते आणि ते फसवू शकते. अशा वेळी कापलेल्या कडेची जाडी निरखावी: कृत्रिम मालात वरचा थर आणि अस्तर यांमधली रेघ सरळ दिसते, चामड्यात वरचे घट्ट तंतू खालच्या सैल तंतूंत मिसळत गेलेले दिसतात. पाण्याचा थेंब टाकून पाहण्याची युक्ती गाडीच्या सीटवर चालत नाही, कारण रंगाचा थर दिलेले चामडेही पाणी शोषत नाही. वासावर जाऊ नये, वास फवारताही येतो. काडी लावून पाहण्याचा सल्ला देणाऱ्याला आधी त्याच्या स्वतःच्या सीटवर प्रयोग करायला सांगावे.

आता भेगांविषयी. गाडीसाठीचे कातडे बहुधा क्रोमच्या क्षारांनी कमावतात, क्रोम टाळायचे असल्यास अल्डिहाइड वर्गातील रसायने वापरतात. तयार चामडे साधारण १ ते १.४ मिलिमीटर जाडीचे असते. जनावराच्या अंगावरचे ओरखडे आणि किड्यांच्या चाव्यांच्या खुणा झाकण्यासाठी, तसेच ऊन, घाम आणि घर्षण सोसावे म्हणून त्यावर रंगद्रव्य असलेल्या पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवतात, आणि पुष्कळदा दाणाही वरून दाबून उठवलेला असतो. युरोपीय मानकानुसार हा थर ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड झाला, तर त्या मालाला नुसते 'लेदर' म्हणता येत नाही. म्हणजे हाताला लागते ते दोन्हीकडे प्लास्टिकच असते. फरक त्याच्या खाली आहे. चामड्यात कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे तिन्ही दिशांनी विणलेले जाळे असते, ते वाकणे आणि ताणणे वर्षानुवर्षे सोसते आणि वाफेच्या रूपातील घाम काही प्रमाणात सामावून घेते.

यातून तुमच्या चालकाच्या सीटबद्दल एक गोष्ट निघते. गाडीत चढता-उतरताना जी कड घासली जाते, तिथल्या जाळीदार भेगा बहुधा रंगाच्या थराला पडलेल्या असतात, कातड्याला नव्हे. भेगेत नख फिरवून पाहावे. तळाशी लव लागली पण कातडे अखंड असले, तर ती जागा स्वच्छ करून, भरून आणि पुन्हा रंगवून सीट आणखी काही वर्षे सहज वापरता येते. भेग आरपार फोमपर्यंत गेली असेल, तरच नवे आवरण शिवण्याचा विचार करावा.

ओलसर हवा

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु 'कृत्रिम' या एका शब्दाखाली किमान दोन वेगळे पदार्थ येतात आणि ते वेगवेगळ्या रीतीने खराब होतात, हे सांगणे आवश्यक आहे.

माझ्या आधीच्या गाडीला मी हौसेने पीयू (म्हणजे पॉलियुरेथेन) लेदरची आवरणे शिवून घेतली होती. हात फिरवला तर मऊ, दिसायला उत्तम. तिसऱ्या वर्षी पाठीच्या मध्यभागी फोड आल्यासारखे झाले आणि महिन्याभरात वरच्या थराचे पोपडे सुटून कपड्यांना चिकटू लागले. मी उन्हाला दोष देत होतो, पण मूळ कारण हवेतील ओलावा होते. स्वस्त पीयू पॉलिएस्टर जातीचे असते आणि उष्णता व दमटपणा एकत्र आले की पाण्यामुळे त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. याला जलापघटन म्हणतात. सीट कितीही जपून वापरली तरी ही क्रिया चालूच राहते, आणि एकदा पोपडे सुटू लागले की त्यावर दुरुस्ती नाही. पॉलिकार्बोनेट जातीचे पीयू या बाबतीत खूपच चिवट असते. त्यामुळे विक्रेत्याला 'पीयू आहे का' असे विचारण्यापेक्षा 'दमट उष्णतेची चाचणी किती आठवडे केली आहे' असे विचारावे. ही चाचणी सहसा ७० अंश सेल्सिअस आणि ९५ टक्के आर्द्रतेत करतात. उत्तर आठवड्यांत न देता कोणी हातावर हात चोळू लागला, तर दुसरीकडे जावे.

पीव्हीसीची गोष्ट निराळी. ते मुळात कडक असते आणि त्याला मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. उन्हात तापलेल्या गाडीत हे द्रव्य हळूहळू बाहेर पडते. समोरच्या काचेवर आतून जो चिकट धूसर पापुद्रा धरतो, त्यात त्याचाही वाटा असतो. द्रव्य कमी होत गेले की आवरण ताठरते आणि शेवटी शिवणीजवळ चिरते. प्रश्नकर्त्याला मागची बाजू ताठ वाटली, ती बहुधा यामुळेच. तरीही पाण्याचे भय नसल्यामुळे चांगल्या प्रतीचे पीव्हीसी स्वस्त पीयूपेक्षा जास्त वर्षे टिकते, हे मी स्वतः अनुभवले आहे. (आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो ते मुळात एका ब्रिटिश उत्पादनाचे नाव होते आणि त्यात पीव्हीसी नव्हतेच, कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेला असे. नाव राहिले, पदार्थ बदलला.)

आणखी एक सापळा म्हणजे बाँडेड लेदर. चामड्याच्या कातरणांचा भुगा चिकटवून तयार केलेला हा पत्रा नावाला लेदर असतो, पण त्यात अखंड तंतूंचे जाळेच नसते. रोज वाकणाऱ्या सीटला तो कधीही लावू नये.

जाळीची सीट

घाम आणि चटका यांविषयी थोडेसे. काळी सीट उन्हात तापणारच, मग ती चामड्याची असो वा पीव्हीसीची; तेथे पदार्थापेक्षा रंग आणि काचेवरचा पडदा अधिक कामी येतो. लांबच्या प्रवासात मात्र पाठीला फरक जाणवतो. छिद्रे पाडलेले आवरण कोणत्याही पदार्थाचे असले, तरी सपाट आवरणापेक्षा बरे वाटते.

ज्यांना जनावराचे कातडे नकोच असेल त्यांनी अल्कान्तारासारख्या सूक्ष्मतंतूंच्या कापडाचाही विचार करावा. जपानच्या तोरे कंपनीतील मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये हे तंत्र शोधले. या कापडात सुमारे ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन असते. बसायला ते सुखद असते आणि वळणावर अंग घसरत नाही. मागे दोन लहान मुले असतील तर मात्र मी ते सुचवणार नाही, कारण सांडलेले दूध पुसून जात नाही, ते लवेत मुरते.

शिवणीवाला

गाड्यांच्या कुशनचे काम करतो. पदार्थाची चर्चा सविस्तर झाली आहे, परंतु सर्वांत महत्त्वाची बाब अजून कोणीच मांडलेली नाही.

पुष्कळ गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच बसवलेली असते आणि अपघाताच्या क्षणी ती आवरणाची ठरावीक शिवण फाडून बाहेर येते. त्या शिवणीचा दोरा, टाक्यांतील अंतर आणि आतली पट्टी ही सगळी विचारपूर्वक ठरवलेली असतात. तेथे जाड चामडे नेहमीच्या चिवट दोऱ्याने शिवले, किंवा मूळ सीटवर दुसरे घट्ट कव्हर चढवले, तर एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा चुकीच्या दिशेला वळू शकते. सीटच्या कडेवर एअरबॅगची चिठ्ठी आहे का, ते आधी पाहावे. असेल तर पाठीच्या त्या बाजूला हात न लावणे, किंवा त्या गाडीसाठी बनवलेले मूळ आवरणच मागवणे, हे दोनच मार्ग मी ग्राहकाला सांगतो. काम हातचे गेले तरी तिसरा सांगत नाही. चालकाशेजारच्या सीटवर कोणी बसले आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर पुष्कळदा त्या सीटच्या गादीत असतो, त्यामुळे तेथे फोमची जाडी मनाने वाढवू नये.

चामडे घेणार असाल तर सगळी सीट चामड्याने मढवण्याचा हट्ट धरू नका. मधला भाग चामड्याचा आणि बाजू चांगल्या पीव्हीसीच्या, ही कंपन्यांची पद्धत केवळ काटकसरीची नाही. प्रत्येक कातड्याचा पोटाकडचा भाग सैल असतो आणि तो ताणाच्या जागी वापरला तर वर्षभरात सुरकुत्या पडतात. म्हणून पाठीच्या कण्याजवळचे घट्ट चामडे बसण्याच्या जागेसाठीच राखून ठेवावे लागते. कारागीर कातड्याचा कोणता भाग कुठे लावतो हे कापण्यापूर्वी उभे राहून पाहा.

देखभालीविषयी एकच सांगतो. तेल चोळू नका. वरच्या थरातून ते आत जात नाही, वरच राहून धूळ धरते. ओल्या मऊ कापडाने आणि सौम्य साबणाने पुसणे पुरेसे आहे. हातावर लावायचे सॅनिटायझर आणि उन्हापासून बचाव करणारी मलमे सीटला लागली तर लगेच पुसावीत, कारण रंगाचा थर त्यांनी मऊ पडतो.

काठावरचा

सर्वांचे आभार. काल पुन्हा जाऊन गाडी पाहिली. चालकाच्या सीटखाली कड उलटल्यावर मधल्या पट्ट्याच्या मागे लव दिसली आणि बाजूच्या तुकड्यामागे स्पष्ट विणलेले कापड दिसले. मागच्या सीटचेही तेच. विकणाऱ्याला दाखवले तेव्हा तो खरोखरच चकित झाला आणि किमतीबद्दलचा त्याचा सूर बराच खाली आला.

चालकाच्या सीटची भेगाळलेली कड मात्र मधल्या पट्ट्याच्याच चामड्याची निघाली, आणि नख फिरवले तेव्हा भेगा वरवरच्या वाटल्या. त्याच कडेला एअरबॅगची चिठ्ठीही आहे. त्यामुळे समोरच्या दोन्ही सीटची शिवण न उसवता चालकाकडची कड फक्त भरून रंगवून घेणार आहे, आणि मागच्या सीटच्या ताठरलेल्या बाजूंना नवे पीव्हीसी लावणार आहे. शिवणीवाला यांना एक शेवटचा प्रश्न: मागच्या पाठीतही एअरबॅग असू शकते का, की तेथे निर्धास्तपणे उसवता येईल?

शिवणीवाला

काही गाड्यांत मागच्या सीटच्या बाजूंनाही असते. चिठ्ठी दिसली नाही तरी गाडीची पुस्तिका उघडून खात्री करा, आणि तोवर कात्री लावू देऊ नका.