जुनी एफसी-१५० पिकअप घरीच दुरुस्त करायची आहे. सुरुवात कुठून करावी?

बावडेकर (प्रश्न)

नमस्कार. मागच्या महिन्यात पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गुऱ्हाळमालकाकडून महिंद्राची १९७१ सालची एफसी-१५० पिकअप विकत घेतली. माझे आजोबा अशाच गाडीतून गुळाचे रवे शाहूपुरीच्या बाजारात आणत असत, त्यामुळे ही गाडी दिसल्यावर मला ती सोडून येणे जमले नाही.

गाडी चार पावसाळे झाडाखाली उभी होती. पेट्रोल इंजिन मूळचेच आहे, पण ते जाम आहे. टॉप गिअर टाकून ढकलली तर मागची चाके फरफटतात. ब्रेकचे पेडल थेट तळाला जाते, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून फाटला आहे आणि हौद्याच्या फळ्या कुजल्या आहेत. कसबा बावड्यात घराशेजारी पत्र्याची शेड आहे, पान्यांचा संच आणि जॅक आहे, आणि रविवार मोकळा असतो. आधी बॉडी उतरवून पत्राकाम व रंग करून घ्यावा आणि मग इंजिनाकडे वळावे, असा माझा विचार आहे. तो योग्य आहे का? कोणते काम स्वतः करावे आणि कोणते कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपला द्यावे?

लेथवाला

दादा, रंगाचा विचार सर्वांत शेवटी ठेवा. बॉडी उतरवून सगळी गाडी एकदम सुटी केली की नटबोल्ट डब्यांत विखुरतात, उत्साह ओसरतो आणि गाडी भंगारात जाते; अशा तीन गाड्यांचे सुटे भाग मी स्वतः पाहिले आहेत. आधी गाडी स्वतःच्या पायावर चालती आणि थांबती करा.

आपले इंजिन बहुधा हरिकेन एफ-१३४, म्हणजे सुमारे २.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आहे. त्यात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. गाडी उभी असताना जो व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्या सिलिंडरात ओल शिरते आणि पिस्टनच्या रिंगा गंजाने भिंतीला धरतात. स्टार्टर मारून किंवा दुसऱ्या गाडीने ओढून इंजिन सोडवण्याचा प्रयत्न कृपया करू नका, कारण त्यात रिंगा तुटतात आणि पिस्टनही फुटू शकतो. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरात थोडे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल व डिझेल समप्रमाणात मिसळून सोडा, आणि आठ-दहा दिवस रोज थोडे थोडे वाढवत राहा. ब्लॉकच्या बाजूचे झाकण उघडले की एक्झॉस्टचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे भाग, दिसतात. तिथे व्हॉल्व्हच्या दांड्यांवरही तेल सोडा. नंतर प्लग काढलेलेच ठेवून, टॉप गिअरमध्ये गाडी वीतभर पुढे व वीतभर मागे हलवत राहा. इंजिन सुटले तर जुने ऑइल काढून नवे भरा आणि त्यानंतरच स्टार्टरला हात लावा.

टॅपेटचे अंतर इंजिन थंड असताना इनलेटला १८ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि एक्झॉस्टला १६ थाउ ठेवावे. प्लगला ३० थाउ आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटला २० थाउ पुरतात, आणि फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे. कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय हेड उघडू नका. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि व्हॉल्व्ह सीट कापणे ही मशीनची कामे आहेत. त्यांसाठी उद्यमनगर आहेच. बाकीचे आपल्याला घरी करता येईल.

पेट्रोलबद्दलही सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि ते जुन्या रबराला, कॉर्कच्या गॅस्केटला व गाडीतल्या इंधन-पंपाच्या पडद्याला मानवत नाही. टाकीत वर्षानुवर्षे साठलेला चिकटाही ते सोडवते आणि तो कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसतो. आपल्या उसापासूनच इथेनॉल बनते, त्यामुळे त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. फक्त इंधनाच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, पंपाचा पडदा बदला आणि फिल्टर पारदर्शक लावा, म्हणजे कचरा डोळ्यांना दिसेल. टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ असते, म्हणून तिच्याजवळ वेल्डिंग मुळीच करू नका.

घाटवाट

वरील सल्ला योग्य आहे, पण माझ्या मते ब्रेकचा क्रम इंजिनाच्याही आधी येतो. या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत आणि मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांकडे पाठवणारा) एकाच सर्किटचा आहे, म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळला तरी चारही ब्रेक एकदम जातात. फक्त रबर किट बदलून भागवू नका. व्हील सिलिंडरच्या आत नखाला लागेल असा खड्डा असेल तर सिलिंडरच बदला. रबरी कप पेट्रोलने किंवा रॉकेलने कधीही धुऊ नयेत, ते फुगतात. त्यांना ब्रेक ऑइलच लावावे. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये (ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांत) अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नका आणि विटाही लावू नका, कारण वीट भार आल्यावर अचानक फुटते. लोखंडी घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे स्टँड, घ्या. हे मी कळकळीने सांगत आहे.

या गाडीत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, केबिनमध्येच असते. त्यामुळे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा असेल किंवा इंजिनावरच्या झाकणाची पट्टी झिजली असेल, तर वास न येणारा विषारी वायू केबिनमध्ये साठतो. मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीचे डाग दिसतात का, ते पाहा. पायाखालचा फाटलेला पत्राही याच कारणासाठी लवकर बदलायला हवा.

आरसीबुक

पाना उचलण्यापूर्वी कागद पाहा. गाडी नावावर करण्यासाठी खरेदीदाराने ३० दिवसांत कळवावे लागते, आणि आपल्याला महिना होत आला आहे. इंजिन व चासीचे नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. चासीच्या नंबरावर ग्राइंडर फिरवू नका. रॉकेल व ब्रशने साफ करून कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या.

पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे नियम आले, तेव्हापासून अनेकांना वाटते की प्रत्येक जुनी गाडी त्यात बसते. परंतु त्यातील चारचाकीची व्याख्या एम-१, म्हणजे प्रवासी गाड्यांपुरती आहे. माल वाहणारी पिकअप एन-१ वर्गात येते. शिवाय विंटेज नोंदणीच्या गाडीला रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून नेहमीची नोंदणी आणि फिटनेस जिवंत ठेवणे हाच आपला मार्ग दिसतो.

बावडेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नाव बदलण्याचा अर्ज दुसऱ्याच दिवशी केला. अकराव्या दिवशी इंजिन सुटले. शेजारचे दोघे काका मागून ढकलत होते आणि चाके फरफटण्याऐवजी फिरली, तेव्हा प्लगच्या भोकांतून तपकिरी तेल उडाले. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून अडकत आहे, त्यावर रोज तेल सोडत आहे. मागचा डावा ड्रम उघडला, तर व्हील सिलिंडरबरोबर अॅक्सलचे सीलही गेलेले निघाले आणि लायनिंग तेलात भिजले होते. चारही व्हील सिलिंडर नवे आणले आहेत. चासीच्या नंबराचा ठसा घेतला. शेवटचा आकडा ३ आहे की ८, ते अजून नीट उमटलेले नाही, म्हणून रविवारी पुन्हा रॉकेल लावून बसणार आहे.