ग्रँड केमनचा थांबा : कागदावर आठ तास, किनाऱ्यावर जेमतेम अडीच

प्रश्न – वाळूवरची रेघ

फ्लोरिडाहून निघालेल्या पश्चिम कॅरिबियन क्रूझमध्ये आमचे जहाज जून महिन्यात ग्रँड केमन बेटावर थांबले. ज्या दिवसाची सर्वांनी सर्वाधिक वाट पाहिली होती तोच दिवस सर्वांत फिका गेला, आणि दोष बेटाचा की आखणीचा, यावर घरात अजून एकमत होत नाही. कार्यक्रमपत्रिकेत थांब्याची वेळ सकाळी आठ ते दुपारी चार अशी छापली होती. प्रत्यक्षात जॉर्ज टाऊन या बंदराच्या शहरासमोर आमच्यासारखी आणखी जहाजे नांगर टाकून उभी होती आणि किनाऱ्यावर जाण्यासाठी छोट्या टेंडर बोटींखेरीज मार्ग नव्हता. जहाजाकडून सहली घेतलेल्यांना आधी सोडण्यात आले. आम्ही क्रमांकाचे स्टिकर शर्टाला चिकटवून जहाजाच्या नाट्यगृहात बसून राहिलो आणि आमचा क्रमांक पुकारला गेला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. धक्क्यावरची टॅक्सी म्हणजे मोठी व्हॅन, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. सेव्हन माइल बीचवर आम्हाला जिथे उतरवले तिथे भाड्याच्या खुर्च्या इतक्या दाटीने मांडल्या होत्या की वाळूवर पंचा पसरायलाही जागा शोधावी लागली. परतीची शेवटची बोट साडेतीनला असल्यामुळे दोनच्या आधीच आवराआवर सुरू झाली. पाणी मात्र असे नितळ होते, की छातीइतक्या पाण्यात उभे राहूनही पायाची बोटे मोजता यावीत, आणि म्हणूनच चुटपुट अधिक लागून राहिली.

पुढच्या हिवाळ्यात सासू-सासऱ्यांना घेऊन ज्या क्रूझला जाण्याचा विचार आहे, तिच्यातही हेच बंदर आहे. तिथे उतरावे का, आणि उतरलो तर काय करावे?

प्रतिसाद – उलटा वारा

बेटाला दोष देण्याआधी तिथल्या बंदराची रचना लक्षात घ्यावी. जॉर्ज टाऊनला मोठी क्रूझ जहाजे लागतील असा धक्काच नाही. तो बांधण्याची चर्चा अनेक वर्षे चालली, परंतु बंदरातल्या प्रवाळाचे नुकसान आणि आधीच असलेली गर्दी हे आक्षेप कायम राहिले, आणि एप्रिल 2025मध्ये निवडणुकीसोबत घेतलेल्या सार्वमतात मतदारांनी प्रस्ताव नाकारला. त्यामुळे बोटीची रांग इतक्यात संपणारी नाही. पत्रिकेतली वेळ ही जहाजाच्या नांगराची असते, प्रवाशाच्या पायांची नव्हे. टेंडरच्या बंदरात त्यातून जाण्यायेण्याचे आणि वाट पाहण्याचे मिळून दोन-तीन तास मनातल्या मनात वजा करूनच बेत आखावा.

घड्याळाचाही एक मुद्दा आहे. केमन बेटे वर्षभर एकच वेळ पाळतात, तर फ्लोरिडाची घड्याळे उन्हाळ्यात एक तास पुढे केलेली असतात, आणि फ्लोरिडाहून निघालेली जहाजे बहुधा तीच वेळ पाळतात. त्यामुळे जूनमध्ये जहाजाचे साडेतीन म्हणजे बेटावरचे अडीच. मोबाईल स्थानिक नेटवर्क पकडतो आणि गुपचूप बेटाची वेळ दाखवू लागतो. जहाजाच्या वेळेवर लावलेले साधे मनगटी घड्याळ अशा वेळी फार उपयोगी पडते. हिवाळ्यात हा फरक राहत नाही.

प्रतिसाद – मीठपाणी

उतरावे की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंशय ‘उतरावे’ असे आहे, परंतु एकच गोष्ट निवडून. समुद्रकिनारा पुढच्या बंदरांतही मिळेल. उत्तरेकडच्या नॉर्थ साउंड या खाडीतली पाकटांची (स्टिंगरे या चपट्या, लांब शेपटीच्या माशांची) उथळ जागा मिळणार नाही. कोळी लोक प्रवाळकड्याच्या आतल्या शांत पाण्यात मासे साफ करीत, टाकलेल्या अवशेषांसाठी पाकटे जमू लागली, आणि 1980च्या दशकात पाण्याखाली बुडी मारणाऱ्या डायव्हरांनी ही जागा प्रसिद्ध केली. कमरेइतक्या पाण्यात, वाळूच्या दांड्यावर, पाय न उचलता घसटत चालायला सांगतात, कारण वाळूत पसरलेल्या पाकटावर चुकून पाय पडला तरच ते शेपटीचा काटा वापरण्याची शक्यता असते. पोटाचा स्पर्श ओल्या मखमलीसारखा, आणि पाठीच्या मध्यरेषेवर मात्र खरखरीतपणा. तिथेही गर्दी असतेच, आणि प्राण्यांना खायला घालून माणसांच्या अंगावर आणावे का, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो, हेही सांगून टाकते. ज्येष्ठांना बोटीच्या शिडीवरून पाण्यात उतरणे जमेल का, ते आधी पाहावे.

ते नको असेल तर जॉर्ज टाऊनच्या दक्षिणेला स्मिथ्स कोव्ह ही खडकांमधली लहानशी सार्वजनिक जागा आहे. तिथे प्रवेशशुल्क नाही, झाडांची सावली आहे आणि खडकांच्या कडेने मासे दिसतात. टॅक्सीने तिथे थोड्याच वेळात पोहोचता येते. सेव्हन माइल बीचचाच आग्रह असेल तर उत्तर टोकाजवळचा सेमेटरी बीच गाठावा, कारण बहुतेक व्हॅन तिथपर्यंत न जाता अलीकडेच रिकाम्या होतात.

प्रतिसाद – सहावा डेक

माझे मत वेगळे आहे. सासू-सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर टेंडरचा हट्ट धरू नये. लाटांवर बोट वरखाली होत असताना जहाजाच्या दारातून तिच्यात पाऊल टाकणे सर्वांना झेपत नाही. अर्धे जहाज रिकामे झाल्यावर वरच्या डेकवरची सावलीतली खुर्ची, रिकामा तरणतलाव आणि समोर तेच निळे पाणी, यात कमीपणा कसला? ज्यांना उतरायचे आहे त्यांनी खुशाल उतरावे. सर्वांनी एकत्रच फिरले पाहिजे हा आपला आग्रह अशा दिवशी सर्वांचाच दिवस घालवतो. किनाऱ्यावर जेवणार असाल तर फळ्यावरचा दर कोणत्या डॉलरमध्ये आहे ते विचारून घ्यावे. केमन डॉलर अमेरिकी डॉलरपेक्षा महाग आहे (अधिकृत दर 1 केमन डॉलरला 1.20 अमेरिकी डॉलर), आणि बिल हातात आल्यावर आपण कोळंबीच्या ऐवजी होडीच विकत घेतली की काय, असे वाटू शकते.

प्रतिसाद – वाळूवरची रेघ

सर्वांचे आभार. सासूबाईंना पाण्याची हौस आहे, सासऱ्यांना नाही. त्यामुळे सर्वांनी एकत्रच फिरण्याचा आग्रह सोडावा, ही सूचना आमच्या घरात सर्वांत आधी मान्य होईल, असे दिसते. पाकटांची सहल जहाजाकडून घ्यावी की बाहेरून? बाहेरची बरीच स्वस्त दिसते.

प्रतिसाद – उलटा वारा

हिवाळ्यासाठी मी जहाजाचीच सुचवीन. त्या काळात वायव्येकडून वारे येतात आणि पश्चिमेला तोंड करून असलेले जॉर्ज टाऊनचे बंदर खवळते. अशा वेळी बोटी कधी दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पॉट्स येथे नेतात, तर कधी थांबाच रद्द होतो. थांबा रद्द झाला तर जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत मिळतात आणि बंदराचे शुल्कही बहुधा आपल्या खात्यात जमा होते. बाहेरच्या सहलीबाबत मात्र त्या चालकाची अट काय आहे, ते पैसे भरण्याआधी वाचून घ्यावे. शिवाय जहाजाची सहल परतायला उशीर झाला तर जहाज बहुधा थांबते, स्वतंत्र प्रवाशासाठी थांबत नाही. थांबा केवळ आखूड झाला तर बहुधा काही परत मिळत नाही, म्हणून सकाळच्या पहिल्या तुकडीतली वेळ मागून घ्यावी.