मदत हवी आहे : बडोद्यात काळा घोड्याजवळ, नदीच्या बाजूला फ्लॅट घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

सध्या आम्ही वासणा रोडला भाड्यानं राहतो. घर मोठं आहे, हवेशीर आहे, पण कोथिंबिरीची जुडी आणायलाही स्कूटर काढावी लागते. बायको युनिव्हर्सिटीत नोकरीला. आईची सत्तरी उलटली आहे, तिच्या मैत्रिणी, देऊळ, भजनीमंडळ सगळं दांडिया बाजारात. दर वेळी रिक्षा करून कोण जाणार, म्हणून ती जातच नाही.

काळा घोडा चौकाजवळ, सयाजीगंजात एक टू बीएचके पाहिलाय, दुसरा मजला, इमारत वीसेक वर्षांची. कमाटीबाग, स्टेशन, युनिव्हर्सिटी सगळं पायी. पूल ओलांडला की कीर्तिमंदिर, तिथून दांडिया बाजारही फार लांब नाही. चालत संसार करायला बडोद्यात याहून बरी जागा मला तरी दिसली नाही.

अडचण एकच, विश्वामित्री नदी. दलाल म्हणतो, "साहेब, अहीं पाणी नथी आवतुं." पण जिन्याखाली विजेच्या मीटरची जुनी जागा रिकामी आहे, भिंतीवर स्क्रूची भोकं तशीच, आणि सगळे मीटर पहिल्या मजल्याच्या वळणावर नेलेत. तळमजल्याला छातीपर्यंतच नवा रंग. हौस म्हणून कुणी अर्धी भिंत रंगवत नाही!

ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी २६ फूट. दुसऱ्या मजल्यावर पाणी चढणार नाही हे कळतं. माझा प्रश्न बाकीच्याचा आहे. वीज, पंप, लिफ्ट बंद पडल्यावर आईला घेऊन किती दिवस काढावे लागतात? गाडी कुठं ठेवता? आणि २०२५ च्या उन्हाळ्यात पात्रातला गाळ काढला, त्यावर कितपत भरवसा ठेवायचा? तिथं राहणाऱ्यांनीच सांगावं, यूट्यूबच्या लिंका नकोत.

दुसरा पर्याय दांडिया बाजारातलं जुनं घर. आईला तेच हवंय. पण तिथं अशांत धाऱ्याचं, म्हणजे दंगलीच्या भागांतल्या घरविक्रीवर बंधनं घालणाऱ्या गुजरातच्या कायद्याचं, काय असतं?

– वासणावाला

रावपुरेकर : मीटर बघितलेत ते उत्तम केलंत. आता पाण्याची टाकी आणि पंप कुठं आहे तेही बघा. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं की ती उपसून धुवेपर्यंत नळ कोरडे, वीज आली तरी. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून २०२४-२५ चा हिशेब मागा. पंप, लिफ्ट, वायरिंग यांवर किती खर्च झाला ते कागदावर दिसेल, दलालाला विचारायलाच नको. गाळाचं म्हणाल, तर पाणी थोडं लवकर ओसरेल एवढंच धरा. पाऊस पावागडाकडं पडतो, आजवा धरण भरतं, म्हणून गावात ऊन असतानाही नदी चढत राहते.

अशांत धारा लागू असलेल्या भागात कलेक्टरच्या परवानगीशिवाय दस्त नोंदवला जात नाही. घेणारा आणि विकणारा एकाच समाजाचे असले तरी परवानगी लागतेच. बानाखत (विसाराचा करार) करताना ही अट लिहून घ्या, नाहीतर बाना, म्हणजे विसाराची रक्कम, अडकून बसेल. आणि वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर १ टक्का नोंदणी फी माफ, स्टॅम्प ड्यूटी ४.९ टक्के मात्र भरावीच लागेल.

पुलापलीकडची : आम्ही याच पट्ट्यात तिसऱ्या मजल्यावर आहोत. पाणी चढायच्या आत गाडी उंचावरच्या नातेवाइकांकडे नेतो, तशी सोय आधी बघून ठेवा. पुरानंतर मगर अंगणात आली म्हणून फोन होतात, त्याची आता कुणाला नवलाई नाही. पण आईंसाठी विचाराल तर दांडिया बाजार बरा. लिफ्ट नाही, पण ओटा आहे, आणि जाता-येता चार माणसं थांबून बोलतात.

वासणावाला : रावपुरेकर, ताई, आभार. हिशेबाचे कागद रविवारी मागतो. ताई, तुमच्याकडे २०२४ च्या पुरात वीज किती दिवसांनी आली?