आयसा नेटवर्क कार्ड लावलं की सिरीयल माऊस थिजतो (पेंटियम १३३, विंडोज ९८)

साताऱ्याची
बाबांच्या कंपोझिंगच्या दुकानातलं मशीन पुन्हा चालू केलंय. फॉन्टचं सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टला लावलेल्या लॉकशिवाय उघडत नाही, त्यामुळे हार्ड डिस्क दुसरीकडे जोडून भागत नाही. पत्रिका, स्मरणिका इथेच उघडून बाहेर काढायच्यात. त्यासाठी जुन्या बाजारातून आयसाचं (जुन्या पद्धतीच्या लांब स्लॉटचं) नेटवर्क कार्ड आणलं, चिपवर रिअलटेक ८०१९ आहे. ते लावून विंडोज उघडलं की माऊसचा बाण जागीच थिजतो, कीबोर्ड चालतो. कार्ड काढलं की सगळं ठीक. माऊस कॉम २ या सिरीयल पोर्टला आहे, कारण कॉम १ ची पिन मोडलीये. कार्डच खराब असेल का?

जम्पर
नाही, कार्ड चांगलं आहे. कॉम २ चा आयआरक्यू (प्रोसेसरला इशारा द्यायची लाइन) ३, आणि एनई२००० जातीची कार्डं, म्हणजे तुमच्यासारखी, बऱ्याचदा ३ वरच लावलेली असतात. आयसावर लाइन खालून वर जाते त्या क्षणाचीच नोंद होते. कार्डाने ती वर धरून ठेवली की माऊसचा इशारा पोचतच नाही. पीसीआयची (नंतरच्या पद्धतीच्या स्लॉटची) कार्डं एक लाइन वाटून घेऊ शकतात, आयसाची नाही.

फ्लॉपीवरून साध्या डॉसमध्ये या, विंडोजच्या आतल्या डॉस खिडकीत नको. रिअलटेकचा आरसेट८०१९ हा सेटअप प्रोग्रॅम चालवून कार्ड जम्परलेस (आकडे सॉफ्टवेअरमधून ठरणारं) करा, आयआरक्यू १०, पत्ता ३००. ५ वर बहुधा साउंड कार्ड असतं आणि ७ प्रिंटर पोर्टचा, म्हणजे तुमच्या लॉकचा. त्या दोघांना हात लावू नका. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) १० समोर ‘लेगसी आयसा’ करा, म्हणजे तो आयसा कार्डासाठी राखून राहील. मग डिव्हाइस मॅनेजरमधून कार्ड काढून एनई२००० कम्पॅटिबल म्हणून नव्याने टाका आणि हेच आकडे हाताने भरा.

फ्लॉपीवाला
कार्डाची मागची छोटी पट्टी स्लॉटमध्ये नीट बसलीये ना, तेही बघा. १० ची लाइन तिथूनच येते. आणि ताई, काहीही करण्याआधी डिस्कची पूर्ण प्रत काढा. एवढी जुनी डिस्क बंद पडायला कारण लागत नाही. माझ्या काकांचे हिशोब असेच गेले.

साताऱ्याची
प्रत आधी काढली. बायोसची पायरी पहिल्यांदा गाळली, तर पिंगच होईना (दुसऱ्या मशीनकडून उत्तर येईना): १० पीसीआय डिस्प्ले कार्डाने घेतला होता. राखून ठेवल्यावर ते ११ वर गेलं आणि माऊस, नेटवर्क दोन्ही चालू झाले. लॉकही ओळखलं जातंय. रात्री १९९८ ची गणेशोत्सवाची स्मरणिका बाहेर काढली, ४८ पानं, एकही जोडाक्षर तुटलं नाही. जम्पर, फ्लॉपीवाला, मनापासून आभार.