भाड्यातून हप्ता सुटतो, या भरवशावर कर्ज काढून दुसरं घर घ्यावं का?

वहीवाला (धागाकर्ता)

"भाडं येतं, हप्ता जातो, वीस वर्षांनी घर आपलं." हे ऐकून मीही कर्ज काढलं. आज माझं मत स्पष्ट आहे: खर्च वजा जाता भाड्यातून हप्ता निघत नसेल, तर ते घर भाड्यासाठी घेऊ नये.

घराची किंमत १०० धरा. आपले २०, कर्ज ८०, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. वर्षभराचे हप्ते होतात ८.६४. भाडं वर्षाला ६ धरू. एक महिना घर रिकामं राहिलं की अर्धा गेला. कर, विमा, मेंटेनन्स, दलाली, दुरुस्ती यांत आणखी १. हातात ४.५ उरतात, बाकीचे ४.१४ पगारातून. भाडं आणि खर्च दोन्ही दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले, तरी १४ वर्षं पदरमोड चालूच.

हे सगळं ठीक चाललं तर. माझा भाडेकरू गेला त्याच आठवड्यात खालच्या घराच्या छतावर पिवळा डाग उमटला. न्हाणीघराची फरशी उखडली, पाइप बदलला, पुन्हा फरशी बसवली. तीन महिने घराला कुलूप. हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला कापला गेला.

दूरचं बघणारा

वहीवाले, तुम्ही अख्खा हप्ता खर्चात धरलात, इथेच चुकलात. पहिल्या वर्षीच्या ८.६४ मध्ये जवळपास १.५ मुद्दल आहे. ते तुमच्याच खात्यात जमा होतंय, आणि हा वाटा दरवर्षी वाढत जातो. शिवाय किंमत वाढते ती १०० वर, तुमचे अडकलेत २०. हप्ता तोच राहतो आणि भाडं वाढतं. दरमहा एवढी शिस्तीची बचत नोकरदार माणूस एरवी करतो का? माझ्या वडिलांच्या हातात म्हातारपणी जे काही होतं, ते अशाच एका घरामुळे.

वहीवाला

मुद्दलाचं मान्य, ते मी वेगळं दाखवायला हवं होतं. पण ते भिंतीत जाऊन बसतं. पाइप फुटल्यावर भिंतीतून पैसे निघत नाहीत. आणि मुद्दल बाजूला ठेवलं तरी पहिल्या वर्षी व्याज ७.१४ आणि हातात ४.५, म्हणजे २.६४ ची तूट. ती किंमतवाढीने भरून निघेल ही आशा आहे, उत्पन्न नव्हे. किंमत १० टक्के उतरली तर आपल्या २० मधले १० गेले, हेही त्याच १०० चं गणित.

कर्जखात्यात काम केलेला

"हप्ता तोच राहतो" यावर थांबवतो. व्याजदर बदलता असेल तर बरेचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते, आणि कर्जदार ते पत्र न वाचता ठेवून देतो. वरच्याच कर्जात सुरुवातीला दर ९ चा १० झाला, तर २० वर्षांची मुदत २६ वर्षांच्या पुढे जाते. ११ झाला तर महिन्याचं व्याजच ०.७३ आणि हप्ता ०.७२. म्हणजे हप्ता भरूनही कर्ज वाढणार! तिथे बँक हप्ता वाढवणारच. घर घेताना दोन टक्के जास्त दराने हिशेब करून बघा, तो झेपला तरच सही करा.

दोन घरांची मालकीण

मी दोन्ही बाजूंना थोडी चूक म्हणेन. कर्ज वाईट नाही, ८० वाईट आहे. मी साठ स्वतःचे घालून ४० च कर्ज काढलं. हप्ते वर्षाला ४.३२, हातात ४.५. कसंबसं का होईना, घर स्वतःचा भार स्वतः उचलतं. सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवलेत, त्याला हात लावत नाही.

आणि एक महिना रिकामा म्हणजे वर्षाच्या भाड्याचे ८ टक्के गेले. चांगला भाडेकरू ५ टक्के वाढ नको म्हणाला तर मी सोडून देते. नवा शोधण्यात त्याहून जास्त जातं.

दूरचं बघणारा

ताई, पण ६० अडकवून ४.५ सुद्धा हातात नाहीत, हप्ता जाऊन ०.१८! एवढे पैसे जमेपर्यंत किंमत कुठल्या कुठे जाईल. तरुणांनी घर घ्यायचंच नाही का?

दोन घरांची मालकीण

राहायला जरूर घ्यावं. भाड्यासाठी थांबावं. आणि कमी काढलेल्या ४० वर ९ टक्के व्याज वाचतं, ती कमाई मोजा ना.

भाड्याने राहणारी

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आमचे आधीचे मालक माणूस म्हणून चांगले होते, पण हप्त्याने पिचलेले. गिझर बिघडला, "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाले. स्वयंपाकघरातली ओल, तेच उत्तर. चार महिने वाट पाहून आम्ही घर सोडलं. नंतर ते दोन महिने रिकामं होतं, असं शेजारच्या काकू सांगत होत्या. तेवढ्या भाड्यात गिझर आणि ओल दोन्ही झालं असतं. आम्हाला ते घर सोडायचं नव्हतं हो.