मार्शलची खेळी

कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेचा सरन्यायाधीश जॉन मार्शलने १८०३ च्या मार्बरी खटल्यात सरकारला आडवं केलं. मला तर उलटंच वाटतं. मार्बरी या माणसाच्या न्यायाधीशपदाच्या नेमणूकपत्रावर आधीच्या सरकारातला परराष्ट्रमंत्री म्हणून शिक्का मारला होता खुद्द मार्शलनेच! सरकार बदलायच्या गडबडीत ती पत्रं वाटायची राहिली आणि नवा राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या माणसांनी ती दाबून ठेवली, म्हणून मार्बरी ते पत्र मागायला थेट सुप्रीम कोर्टात गेला. आजचा न्यायाधीश अशा खटल्याच्या आसपासही फिरकला नसता. हा पठ्ठ्या मात्र स्वतःच निकाल लिहायला बसला. निकाल काय, तर मार्बरीचा हक्क मान्य, पण सुप्रीम कोर्टाला असा थेट आदेश काढू देणारं १७८९ च्या कायद्यातलं कलमच घटनाबाह्य! म्हणजे जेफरसनला धुडकावायला आदेशच उरला नाही, आणि कायदा रद्द करायची ताकद अलगद कोर्टाच्या पदरात.

पण त्याचे गोडवे गाताना दुसरी बाजूही बघा. मार्शल स्वतः गुलाम बाळगून होता. १८१३ मध्ये मिमा क्वीन या गुलाम बाईने स्वातंत्र्याचा दावा लावला. तिची पूर्वज स्त्री स्वतंत्र होती हे सांगणारी साक्ष ऐकीव म्हणून मार्शलने बाद ठरवली. विरोधी मत नोंदवलं ते एकट्या न्यायमूर्ती ड्युव्हालने.