मदत हवी आहे: गृहकर्जाच्या टायटल सर्चसाठी बँकेच्या वकील पॅनेलवर कसं यायचं आणि टिकायचं?

पुरंदर_दस्त

नमस्कार मंडळी. पुणे जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं दोन भागीदारांचं वकिली कार्यालय आहे. दिवाणी दावे आणि खरेदीखतं ही नेहमीची कामं. आता गृहकर्जाच्या टायटल सर्चसाठी, म्हणजे मिळकतीचा मालकीहक्क निर्वेध आहे का हे कागदांवरून तपासण्यासाठी, बँकांच्या पॅनेलवर (मान्यताप्राप्त वकिलांच्या यादीत) यायचं आहे. शाखेत विचारलं की "अर्ज देऊन ठेवा" एवढंच सांगतात. अर्ज नेमका कोणाकडे जातो, सोबत काय जोडायचं आणि एकदा नाव लागल्यावर ते कशामुळे कटतं, हे जाणकारांनी सांगावं. फी किती मिळते हा प्रश्न सध्या नाही.

सनद_आणि_शिक्का

शाखेला फार तर शिफारस करता येते. सरकारी बँकांत मंजुरी रिजनल किंवा झोनल ऑफिसचा विधी विभाग देतो. म्हणून शाखेत अर्ज दिलात तरी तो वर कोणत्या तारखेला गेला ते विचारून घ्या, नाहीतर तो शाखेच्या फाइलमध्येच राहतो. बऱ्याच बँका वेबसाइटवर ठरावीक मुदतीत अर्ज मागवतात. तसं असेल तर त्यांच्याच नमुन्यात आणि मुदतीच्या आत द्या.

सोबत सनद, पॅन, आयकर विवरणपत्रं, किती वर्षं काय प्रॅक्टिस केली याचा तपशील, आधीच कुठल्या पॅनेलवर असाल तर ती पत्रं आणि बार कौन्सिलपुढे शिस्तभंगाची कारवाई नसल्याचं स्वयंघोषणापत्र जोडा. बँकेत नातेवाईक नोकरीला असेल तर तो उल्लेख अर्जातच करा. पक्षकारांची नावं झाकून स्वतः लिहिलेले दोन-तीन शोध अहवाल जोडता आले तर जोडा. एक शेतजमिनीचा, एक फ्लॅटचा. विधी अधिकाऱ्याला तुमचं काम त्यातूनच कळतं.

एक गोष्ट आधीच ठरवा. पॅनेल कार्यालयाच्या नावावर असलं तरी अहवालावर सही कोण करणार हे बँक नावानिशी विचारते. दोघांचीही नावं द्या. पुढे एक भागीदार वेगळा झाला तर लगेच लेखी कळवा. मंजूर नसलेल्या माणसाची सही हे नाव कटण्याचं सरळ कारण ठरतं. शिवाय पॅनेलवर असताना त्या बँकेविरुद्ध वकीलपत्र घेता येत नाही, तेव्हा हातात तशी केस असेल तर आधी विचार करा.

सुरुवातीला जिल्ह्यातल्या सहकारी बँका आणि पतसंस्था गाठा असं माझं मत. तिथला अनुभव पुढच्या अर्जात दाखवता येतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांकडे प्रवेश सोपा, पण तिथे संख्या जास्त आणि वेळ कमी असतो. दोनच माणसांनी त्या वेगाने काम केलं तर सर्च कच्चा राहतो, आणि त्याची किंमत नंतर मोजावी लागते.

इंडेक्स_दोन

टिकण्याबद्दल लिहितो. नाव लागणं त्यामानाने सोपं आहे. ते कटतं बहुतेक वेळा अर्धवट सर्चमुळे.

बँका साधारण ३० वर्षांचा शोध मागतात. लिमिटेशन ॲक्ट १९६३ च्या अनुच्छेद ६१ प्रमाणे गहाण सोडवून घेण्याची मुदत ३० वर्षांची आहे आणि सरकारच्या दाव्यांनाही अनुच्छेद ११२ खाली ३० वर्षं आहेत. त्यामुळे कोणी १३ वर्षांवर भागवायला सांगितलं तर ते लेखी घ्या आणि अहवालात पहिल्याच परिच्छेदात नमूद करा.

नोंदणी विभागाचा ई-सर्च वापरा, पण त्याच्यावरच थांबू नका. जुन्या वर्षांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन इंडेक्स (नोंदलेल्या दस्तांच्या सूच्या) पाहावेच लागतात. जी पानं फाटलेली किंवा बांधणीला गेलेली असतील त्यांचं वर्ष लिहा. पुण्यालगतच्या हवेली तालुक्यात कुठल्याही सह दुय्यम निबंधकाकडे दस्त होऊ शकतो, म्हणून एकाच कार्यालयाचा सर्च तिथे निरुपयोगी. आणि सगळ्यात जास्त चुका नंबरात होतात. गटवारी झालेल्या (जमिनी एकत्र करून नवे गट नंबर दिलेल्या) गावात गट नंबरने शोधलं तर फक्त अलीकडच्या नोंदी मिळतात. त्याआधीच्या जुन्या सर्व्हे नंबर आणि हिश्श्यावर असतात. शहरात एकाच मिळकतीचा एक दस्त सीटीएस (नगर भूमापन) नंबरवर आणि दुसरा सर्व्हे नंबरवर नोंदलेला सापडतो. फेरफारावरून (हक्कबदलाच्या महसुली नोंदींवरून) सगळे जुने-नवे नंबर काढा आणि प्रत्येकावर वेगळा शोध घ्या.

सातबाऱ्यावर मालकाचं नाव बघून समाधान मानू नका. भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर सरकारी निर्बंध असलेली जमीन) आहे का, इतर हक्कात कुळाची किंवा विकास सोसायटीच्या कर्जाच्या बोजाची नोंद आहे का, कुळकायदा कलम ४३ ची (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय न विकण्याची) अट आहे का, आदिवासी खातेदाराकडून हस्तांतर झालंय का, हे फेरफार उघडल्याशिवाय कळत नाही. वारसाच्या फेरफारात बहिणींची नावं गाळलेली असणं हे तर नेहमीचंच.

मूळ दस्त हातात घ्या. नोंदणी झालेल्या दस्ताच्या प्रत्येक पानावर कार्यालयाचं संक्षिप्त नाव, दस्त क्रमांक, पान क्रमांक, एकूण पानं आणि वर्ष असा शिक्का असतो. उदाहरणार्थ हवेलीचा 'हवल' लिहिलेला तो चौकोन पानागणिक वाचायचा. मध्येच एकूण पानांचा आकडा बदलला किंवा एखाद्या पानाचा शिक्का छापल्यासारखा सपाट दिसला तर पान बदललं असण्याची शक्यता असते. मग निबंधकाकडून प्रमाणित नक्कल स्वतः काढा आणि ओळीने ओळ ताडून बघा. पक्षकाराने आणून दिलेली नक्कल यासाठी चालत नाही.

पुरंदर_दस्त

फार उपयोगी. दोन शंका. कागद अपुरे असताना शाखा "लवकर क्लिअर द्या" म्हणाली तर काय करायचं? आणि बँकांच्या कॉशन लिस्टमध्ये (कोणापासून सावध राहायचं त्या यादीत) नाव कसं जातं?

पडताळणी

दडपण येतंच. अशा वेळी अहवाल अडवून ठेवू नका, पण सशर्त द्या. "निर्वेध आणि विक्रीयोग्य" हे शब्द तेव्हाच वापरा जेव्हा मालकीच्या दस्तांची सगळी साखळी डोळ्यांखालून गेली आहे. नाहीतर कुठला कागद आल्यावर हे मत लागू होईल ते स्पष्ट लिहा. शेवटी कागदांची यादी द्या आणि प्रत्येकापुढे मूळ पाहिला, प्रमाणित नक्कल पाहिली की झेरॉक्स, हे नोंदवा. उद्या खातं बुडालं तर सगळ्यात आधी हीच यादी वाचली जाते.

कॉशन लिस्टचं असं आहे. खातं फ्रॉड ठरलं आणि त्यात वकील, मूल्यांकनकार किंवा सीए यांचा हात दिसला तर बँक त्यांचा तपशील इंडियन बँक्स असोसिएशनला कळवते आणि ती यादी इतर बँकांकडे जाते. एका बँकेतली चूक म्हणून सगळ्यांकडचं काम बंद होऊ शकतं. बँकेकडून खुलाशाचं पत्र आलं तर फोनवर बोलून सोडू नका. सर्चच्या पावत्या आणि टिपणं जोडून मुदतीत लेखी उत्तर द्या. सीबीआय विरुद्ध के. नारायण राव या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की निव्वळ चुकीच्या कायदेशीर मतावरून पॅनेलवरच्या वकिलावर कटाचा फौजदारी खटला चालवता येत नाही, त्याचा फसवणुकीत सक्रिय सहभाग दिसायला हवा. पण त्याच निकालात घोर निष्काळजीपणा हा व्यावसायिक गैरवर्तनाचा विषय होऊ शकतो असंही आहे. फक्त पहिला भाग लक्षात ठेवणारे पुढे अडकतात.

सनद_आणि_शिक्का

अहवालाची तारीख आणि कर्जवाटपाची तारीख यांत आठवडे जातात. तेवढ्या काळात दुसरा दस्त किंवा बोजा होऊ शकतो. म्हणून "अमुक तारखेपर्यंतचा शोध" असं लिहा आणि वाटपाआधी अद्ययावत शोध घेण्याची सूचना अहवालातच द्या. मूळ कागद ठेवून गहाण झालं की ३० दिवसांत नोटिस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सूचना) निबंधकाकडे दाखल व्हायला हवी, आणि बँकेने सरसाईवर (गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत) नोंद करायला हवी. ही कामं तुमची नाहीत, पण शाखेला आठवण करून देणारा वकील विधी विभागाच्या लक्षात राहतो.

इंडेक्स_दोन

हिशेबाचं थोडक्यात: बिल बँकेच्या नावे असेल तर वकिली सेवेवरचा जीएसटी रिव्हर्स चार्जने बँक भरते, बिलात तो लावू नका. टीडीएस १० टक्के कापला जातो, तो तुमच्या आयकर खात्यातल्या कर-जमा विवरणात दिसतो का ते दर तिमाहीला बघा. आणि पॅनेलची मुदत संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या. मुदत संपल्यावर दिलेला अहवाल बँक नाकारते आणि बिलही अडतं.